पाय धुण्याचा गुरुवार

कॉम्प्युटरचा कोर्स पूर्ण झाला होता आणि हिंजवडीतल्या एकाही कंपनीचं माझ्यावाचून अडलं नव्हतं. कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीतली पोरं कंपनीच्या गाडीतून ऑफिसला जायची, आणि मी स्वारगेटहून बस पकडून शहराबाहेर, एका ख्रिस्ती शिबिराच्या आवारात गाद्या उन्हात घालायला. नाताळची शिबिरं संपलेली, उन्हाळ्याची मे महिन्यात. मधले महिने नुसती साफसफाई. दुमजली लोखंडी पलंग खरवडा, रंगवा, मच्छरदाण्या धुवा. ओळखीचं कोणी भेटून "सध्या काय करतोस?" म्हणालं, की काय सांगणार, कप्पाळ!

तिथे संडास धुणाऱ्या एक मावशी होत्या, जवळच्याच गावातल्या. माझ्यावर त्यांची माया होती. डबा उघडला की अर्धी भाकरी आधी माझ्या झाकणात पडायची आणि मी ती निर्लज्जासारखी रोज खायचो.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तिथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आम्हा सगळ्या कामगारांना हॉलमध्ये बोलावलं. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून त्या दिवशी तिथे सगळे एकमेकांचे पाय धुतात. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. पाळकांनी पहिल्या माणसाचे पाय धुतले, टॉवेलने पुसले. मग त्याने शेजारच्याचे. असा पाण्याचा टब सरकत सरकत येत होता, आणि माझ्या आधीच्या खुर्चीवर मावशी होत्या.

मला घाम फुटला. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरचा नियम एकच: कोणाच्या पायाशी वाकायचं नाही, कोणाला आपल्या पायाशी वाकू द्यायचं नाही. लहानपणी एका लग्नात कोणाच्या तरी पाया पडलो, तर वडिलांनी मांडवातच झापलं होतं. त्यात मावशी माझ्या आईपेक्षा मोठ्या.

त्या समोर येऊन जमिनीवर बसल्या आणि माझ्या बुटाला हात घातला. मी झटकन पाय खुर्चीखाली ओढले.

"नको मावशी. मी नाही धुऊन घेणार."

अगदी ठणकावून म्हणालो. खोटं कशाला बोलू, जरा छातीही फुगली होती. पाळक एवढंच म्हणाले, "जशी तुमची इच्छा."

मावशी मात्र उठल्या नाहीत. ओला हात पदराला पुसत त्यांनी हळूच विचारलं, "माजी भाकर चालती. हात चालत न्हाय व्हय?"

माझी कानशिलं तापली. हे मला? माझ्या आजोबांच्या ओंजळीत गावकरी वरून पाणी ओतायचे, भांडं लागू नये म्हणून. ती गोष्ट ऐकतच मी मोठा झालो होतो. आणि आज चार लोकांत मी या बाईपासून पाय ओढून घेतले होते. दुसरं काय वाटणार तिला?

"तसं नाही हो मावशी, आमच्यात..." म्हणालो आणि जीभच चावली. आजवर आम्हाला दारात उभं करणारा प्रत्येक माणूस "आमच्यात" म्हणूनच सुरुवात करायचा.

घाईघाईने बुटाची नाडी सोडायला वाकलो, तर मेली गाठच बसली. कसाबसा एक बूट काढला, मोजा ओढला.

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या. टब त्यांनी माझ्यासमोरून पुढच्या खुर्चीकडे सरकवला होता. सगळं संपेपर्यंत मी एक पाय उघडा टाकून तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी घरी गेलो ते वडिलांना सगळं सांगायचंच असं ठरवून. तिथे पाय धुतात, इथून सुरुवात केली. मी नको म्हणालो, इथपर्यंत आलो. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ऐकलंस का गं?" त्यांनी आईला हाक मारली. "शाब्बास! माझा पोरगा शोभतोस."

एवढं खूश झालेलं मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. पुढचं माझ्या तोंडून निघेना. पाठीवर पडलेला त्यांचा हात कधी एकदा निघतो, असं मला झालं.