दोन कुंड्यांमधलं अंतर

"थंड इंजिन खोटं बोलतं," असं म्हणून काका तर्जनी वर करायचे. मग दहा मिनिटं ते खेळण्यातलं इंजिन रुळांवर नुसतं गोल गोल पळवायचे. आपण आपलं स्टुलावर बसून राहायचं.

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेलच. आमचे काका इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलात भूल देण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी गार्डनमधल्या शेडमध्ये रेल्वे मांडली. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून शनिवारी मला बोलावणं. रुळावर दोन सेन्सर असायचे. इंजिन पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात गेलं ते कॉम्प्युटर मोजायचा, 'टिंग' करायचा आणि यादीत त्या इंजिनाचा स्पीड लिहायचा.

"एवढा खटाटोप कशाला, काका?"

"अरे, दोन इंजिनं एका गाडीला जोडायची तर स्पीड सारखा नको? नाहीतर एक दुसऱ्याला फरफटत नेतं."

काकू तुरुतुरु चालणाऱ्या. "चला हो, बस चुकेल!" ही त्यांची हाक अख्ख्या रस्त्याला पाठ होती.

गेल्या वर्षी काका शेडमध्ये येण्याआधी बागेत दहा फेऱ्या मारायला लागले. व्यायाम असेल, म्हटलं. मग एकदा यादीत एक बिननावाचं इंजिन दिसलं.

"हे कुठलं धूड, काका? दर आठवड्याला मंदावतंय. भंगारात काढा की!" मी आपला हसतोय.

काका हसले नाहीत. त्यांनी खिडकीतून पायवाटेकडे बोट दाखवलं. दोन कुंड्यांच्या आड दोन सेन्सर बसवले होते.

"पाय गरम करून मोजतो, तरी आकडा उतरतोच. डॉक्टर आहे मी, हे काय आहे ते कळतं मला. काकूला बोलू नकोस. कळलं की ती माझ्यासाठी हळू चालायला लागेल. ते मला नाही बघवणार."

मी शब्द दिला. झक मारली. त्यानंतर ती यादी उघडायची मला भीती वाटायची. आकडा दर शनिवारी खाली. पलीकडून "चला हो!" ऐकू आलं की मी खिडकी लावून घ्यायचो. आज सांगू, उद्या सांगू, असं करत हिवाळा आला.

स्टेशनच्या जिन्यावर त्या हाकेमागून घाई करताना काका कोसळले. वर पोचलेल्या काकूंनी वळून पाहिलं, तेव्हा ते पार खाली पडले होते. हॉस्पिटलमधून ते परत आलेच नाहीत. तुम्ही काहीही म्हणा, मी गप्प बसलो म्हणून ते गेले, असंच मला वाटतं.

परवा काकूंनी शेड आवरायला बोलावलं. काका गेल्यापासून त्या तिकडे फिरकल्याही नव्हत्या. पायवाटेवर त्या पुढे, तशाच तुरुतुरु, आणि मी मागे, कडेच्या हिरवळीवरून. आत 'टिंग' झालं. त्या दिवशी स्टेशनला निघायच्या घाईत काकांनी कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. स्क्रीनवर उतरत गेलेले आकडे होते आणि तळाशी एकच ताजा, सगळ्यांत मोठा.

काकूंनी चष्मा लावला. "हे कुठलं इंजिन रे? इतकं मंदावलं होतं, आणि आज एकदम कसं पळालं?"

"काकू, आधी बसा," मी म्हणालो आणि स्टूल पुढे ओढलं.