पिण्यास योग्य

जार उलटा केला त्यांनी. माझ्यादेखत. ग्रामपंचायतीच्या पायरीवरून थंड, फिल्टरच्या पाण्याचा भरलेला जार गटारीत ओतला.

मी त्यातलं एक ग्लास पाणी घेतलं होतं. एवढंच.

त्या दिवशी पाणी तपासणीचं प्रशिक्षण होतं. गावातल्या पाच बाया निवडल्या होत्या. त्यात आमच्या बौद्ध वस्तीतली एक पाहिजे, असं ग्रामसेवक म्हणाले. मी बारावी झालेली, म्हणून माझं नाव. राहात्याहून एक मॅडम शिकवायला आल्या होत्या. टेबलावर तपासणीची पेटी उघडलेली. उकडत होतं. मी उठले, कोपऱ्यातल्या जारमधून पाणी घेतलं, प्यायले.

दारात खुर्ची टाकून नाना बसले होते. सरपंच बाईंचे सासरे. सरपंच कागदावर सून, कारभार नानांचा. त्यांनी शिपायाला हाक मारली.

"त्यो जार वतून दे. दुसरा आन."

"नाना, आत्ताच आनलाय. भरल्याला हाय."

"म्हून तर म्हनलं वतून दे. समद्यांला प्यायचंय."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाणी गटारीत गेल्यावर मग बघितलं. म्हणाले, "बाई, घरून बाटली आनायची ना. तुमाला आजून सांगाया लागतं व्हय?"

बाकीच्या चौघी पदराच्या काठाकडं बघत बसल्या. मॅडमनी फाईल चाळायला घेतली.

मी चप्पल घातली आणि निघाले. कुणी थांब म्हणालं नाही. मला वाटलं, मी मानानं उठले. अजून कधीकधी वाटतं. पण जेवणानंतर मॅडमनी जे शिकवलं, ते मी ऐकलं नाही. हजेरीची सही मात्र सकाळीच घेतली होती. कागदावर माझं प्रशिक्षण पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी शिपाई ती पेटी माझ्या दारात ठेवून गेला. बाकीच्या चौघी नको म्हणाल्या होत्या. घाणेरड्या पाण्यात हात कोण घालणार? ते काम आमच्याकडं आलं. घाणीची कामं आमच्याकडं यायला रस्ता ठरलेलाच आहे.

वस्तीचं पाणी म्हणजे ओढ्याकाठचा एक हापसा. गावाला पाईपलाईनचं पाणी. ती पाईपलाईन नानांच्या गोठ्यापर्यंत आली आणि थांबली. कागदावर ती वस्तीपर्यंत पोचलेली आहे. गोठा आमच्या वरच्या अंगाला. जर्सी गायींची दावण, मागं शेणाचा मोठा खड्डा. खड्ड्याला ना सिमेंट, ना विटा. गायींचं मूत, गोठा धुतलेलं पाणी, सगळं तिथंच जिरतं. आणि खाली आम्ही हापसतो.

पाणी दिसायला काचेसारखं. वास नाही, चव नाही. गढूळ असतं तर कुणी प्यालं नसतं.

पेटीतला कागद वाचून मी तपासणी केली. एका छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. काळं पडलं तर त्यात विष्ठेचे जंतू. दुसऱ्या दिवशी बाटली डांबरासारखी झाली. नायट्रेटच्या नळीत पावडर टाकली, पाणी गुलाबी झालं. कागदावर फिक्यापासून गडदपर्यंत रंगांच्या चौकटी होत्या. शेवटच्या चौकटीपेक्षाही माझा रंग गडद.

मी काळी बाटली घेऊन ग्रामसेवकाकडं गेले. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो.

"ठेवा ती खाली," ते म्हणाले. "जंतू तर सगळीकडंच असतात, ताई. उकळून प्यायला सांगा."

"आन् हे गुलाबी?"

"ते खताचं. त्यानं काय व्हत न्हाई."

त्यांनी रजिस्टर पुढं केलं. रकान्यात पेन्सिलीनं आधीच लिहिलं होतं, पिण्यास योग्य. त्यावर मी पेन फिरवायचा आणि खाली सही करायची. दारातल्या खुर्चीवर नाना होतेच. माझा नवरा त्यांचा दुधाचा टेम्पो चालवायचा. ओतलेला जार अजून डोळ्यांपुढं होता. त्या ऑफिसातून लवकर बाहेर पडायचं होतं मला.

मी पेन फिरवला. सही केली.

घरी येताना मनाला समजावलं, आपण उकळायला सांगू. आणि सांगितलं. घरोघर फिरले. वस्तीतल्या म्हाताऱ्यासुद्धा माझं ऐकायला लागल्या. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही आली होती.

धाकटी जाऊ पूनम बाळंत झाली होती. मुलगी. आरू म्हणायचो. पूनमला दूध येईना, म्हणून पावडरचं दूध सुरू केलं. मी तिला बजावलं, "पानी नुसतं गरम करू नको. चांगलं उकळ. खळखळा. मग आजून धा मिन्टं."

पूनम माझा शब्द मोडायची नाही. माझ्यापेक्षा जास्त उकळायची. पातेलं अर्ध्यावर येईपर्यंत.

आरू दोन महिन्यांची झाली तेव्हा तिची नखं निळसर दिसायला लागली. मला वाटलं, सर्दीनं. बाळाला कपड्यात गुंडाळलं. मग एका दुपारी ओठ जांभळे झाले. रडायची, पण रडण्यात जोर नव्हता. नवऱ्यानं तोच दुधाचा टेम्पो काढला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं रक्त काढलं. रक्त लाल नव्हतं. चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं.

"वरचं दूध देता? पाणी कुठलं?"

मी पुढं झाले. "हापश्याचं. पन उकळून देतो, सायेब. लई येळ उकळतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट पातेल्यात राहतं. जितकं आटवाल तितकं दाट. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात मग प्राणवायूच पोचत नाही." थांबले. "तुमच्या गावात पाणी तपासायला कुणी नाही का? त्यांना शिकवतात हे."



त्यांनी आरूला ऑक्सिजन लावला आणि नगरला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स राहुरीच्या पुढं गेली आणि बरोबरच्या नर्सनं आरूच्या छातीवर दाबणारा हात थांबवला. पूनमला कळलं नव्हतं. ती पोरीचे तळपाय चोळत राहिली. मी तिचा हात धरला नाही. माझं धाडस झालं नाही.

आरू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी नाना आले. अंगणात उभेच राहिले. खुर्ची दिली, बसले नाहीत. म्हणाले, "बाळाची निगा राखाया लागती. तुमच्यात सोच्छता कमी पडती, तिथंच घोटाळा व्हतो."

पूनमनं मान वर केली. "मी पानी उकळून देत हुते, नाना. ताईनं सांगितल्यापरमानं."

तिनं माझ्यावर आळ घेतला नव्हता. ती माझी बाजू मांडत होती. तिथं मी आतून फाटले.

मग त्या प्रशिक्षणात माझ्यामागं वाटलेली माहितीपत्रिका मी शोधून काढली. गावातल्या एकीकडं होती. तिच्या घरात जात्याखाली घातलेली. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत होतं, नायट्रेट असलेलं पाणी उकळून तान्ह्या बाळाला देऊ नये. जेवणानंतर शिकवलेलं पान.

पुढच्या तपासणीची वेळ आली, तसा शिपाई बोलवायला आला. रजिस्टर उघडं होतं. पेन्सिलीची तीच अक्षरं. मी ती खोडरबरानं पुसली. पेनानं लिहिलं, पिण्यास अयोग्य. वाचून दाखवलं.

नाना खुर्चीतून उठले. "तुजा मानूस कुनाचा टेम्पो चालवतो, इसरली का?"

"न्हाई इसरले."

"तुज्या हातचं पानी पीत न्हाई कोन हितं. आन् तुज्या हातचा निकाल मानायचा आमी?"

"मानू नका. पन पुसायचा न्हाई."

भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ. "ताई, डोकं शांत ठेवा. मागच्या वेळी तुमीच योग्य लिहिलंय. तुमचंच अक्षर, तुमची सही. उद्या चौकशी आली तर पयल्या तुमीच अडकाल."

त्यांना वाटलं, यानं माझं तोंड बंद होईल. पण तेव्हाच मला लख्ख दिसलं. आमची माणसं ते कामाला कशी लावतात. आम्हाला शिकू द्यायचं नाही आणि शिकल्याची सही घ्यायची. आमच्याच हातून आमचं मरण लिहून घ्यायचं. मग तो हात दाखवून आम्हाला गप्प बसवायचं.

घरी येऊन मी तालुक्याच्या पंचायत समितीला अर्ज लिहिला. माझी मागची सही खोटी आहे. पेन्सिल कुणी फिरवली होती, खुर्चीवर कोण बसलं होतं, शेणाचा खड्डा कुणाचा, पाईपलाईन कुठं थांबली, सगळं लिहिलं. मला शिक्षा होऊ शकते हे मला माहीत आहे, असंही लिहिलं.

पाठवायच्या आधी पूनमला सगळं सांगितलं. सहीचंही. तिनं हातातलं आरूचं दुपटं खाली ठेवलं. मग म्हणाली, "वाचून दाखव."

मी वाचलं.

"त्यात लिही, बाटली मी माज्या हातानं पाजली."

ते मी लिहिलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी तिला बोल म्हणत नाही.

नवऱ्याचा टेम्पो दुसऱ्याच दिवशी गेला. तो आता ऊसतोडीच्या मुकादमाकडं काम बघतो. रागावलेला आहे, पण अर्ज मागं घे म्हणाला नाही. मी हापश्याच्या पाण्याचा नमुना स्वतः तालुक्याला नेला आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. वस्तीतल्या बाया आता लांब चालत जाऊन गावातल्या नळावरून पाणी आणतात. शिव्या नानांना कमी, मला जास्त देतात. देऊ दे.

चौकशी येईल. आली नाही तर पुन्हा अर्ज करीन. चौकशीवाले येतील त्या दिवशी मी पहिली उभी राहणार. सांगणार, माझ्यापासून सुरुवात करा. आणि माझ्यावर थांबायला बघाल, तर मी थांबू देणार नाही.