इंदूआत्याचं ‘भागतंय की’

इंदूआत्या दुकानात वस्तू बघायची नाही, वापरायची. कुकर घ्यायला गेली तेव्हा पिशवीत तुरीची डाळ घेऊन गेली आणि दुकानदाराला शेगडी पेटवायला लावली. पलंग घेताना चपला काढून त्यावर आडवी झाली, डोळे मिटले आणि इतका वेळ उठेना की दुकानातल्या माणसानं घाबरून मला तिला हलवून बघायला सांगितलं. मी खांद्याला हात लावला, तर डोळे न उघडता म्हणाली, “थांब रं, कूस बदलायची राह्यलीय.”

अशा दोन वस्तू वापरून झाल्या की ती स्वस्तातल्या वस्तूवर हात ठेवायची आणि म्हणायची, “भागतंय की.” हा निकाल. त्यावर अपील नव्हतं.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण, चऱ्होलीला दिलेली. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती आमच्याकडे चिंचवडला आली ती कायमची. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जुळवून त्यांच्यावर टेप गुंडाळायच्या लाइनवर तिनं उभ्यानं नोकरी काढली. रिटायर झाली तरी हाताला चैन नव्हती. मिक्सरची, इस्त्रीची, चार्जरची, दिसेल ती वायर ती टेपनं बांधून टाकायची. माझा इअरफोन तिनं एकदा इतका नेटका बांधला की दोन्हींपैकी कुठलातरी एकच कान निवडावा लागे.

मी स्वतः एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. नारळ घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवायची सवय. बायको म्हणते, आमचं लग्न ठरण्याआधी तिच्याशिवाय आणखी किती कोटेशनं आली होती ते मी अजून सांगितलेलं नाही. अशा माणसाकडे मुलीचा लॅपटॉप घ्यायचं काम आलं म्हणजे काय होणार? ऋजुता तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं दोन लॅपटॉप काढून ठेवले होते. दिसायला जुळे भाऊ. फरक फक्त आतल्या प्रोसेसरचा आणि बाहेरच्या किमतीचा. मी प्रोसेसरवरचे इतके व्हिडिओ पाहिले की झोपेत कोअर आणि थ्रेड बडबडायला लागलो, पण जास्तीचे पैसे कशासाठी द्यायचे ते काही कळेना. ऑफिसातला एकजण म्हणाला, राव, वेगवान घ्या, पुढं पस्तावाल. दुसरा म्हणाला, भाऊ, मुलं त्यावर पिक्चरच बघतात. मला दुसऱ्याचं जास्त पटलं. कारण तसं पटवून घ्यायची माझी तयारी होती.

मग मला सुचलं, आत्याला न्यावं. म्हणजे ‘भागतंय की’ ती म्हणेल आणि कंजूष बाप म्हणून माझं नाव येणार नाही.

दुकानात आत्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, “हिचं काम करून दावतो का ह्याच्यावर?” सेल्समन मराठवाड्याकडचा, हसरा पोरगा होता. तो आधी स्क्रीन किती चमकते ते दाखवत राहिला. आत्यानं स्टूल ओढलं आणि ती बसली. ती तशी बसली की लवकर उठत नाही, हे त्याला माहीत नव्हतं, पण थोड्या वेळात समजलं. ऋजुतानं पेनड्राइव्हवर कॉलेजचं डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि स्वतः काढलेला गिअरबॉक्स आणला होता. सॉफ्टवेअर दोन्ही लॅपटॉपवर चढेपर्यंत आत्यानं पिशवीतून डबा काढला आणि सेल्समनलाही मेथीचा पराठा खायला लावला. त्यानंतर तो आमच्याच घरचा झाला.

वेगवान लॅपटॉपवर गिअरबॉक्स उघडला आणि ऋजुतानं तो बोटानं भिंगरीसारखा फिरवला. एकेक चाक सुटं केलं, पुन्हा बसवलं. तिची जीभ दातांत आली होती. लहानपणी चित्र रंगवताना यायची तशी. मग स्वस्तातला. त्यावरही गिअरबॉक्स उघडला, जरा वेळानं. फिरवला की अडायचा, गोल चक्र दिसायचं, मग पुढं सरकायचा. ऋजुता हात मांडीवर ठेवून थांबायची. मी मनात म्हणालो, थांबतंय, पण होतंय ना.

तेवढ्यात ऋजुतानं माझ्याकडे पाहिलं आणि चटकन म्हणाली, “भागतंय की, बाबा. हाच घेऊ.”

मला वाटलं, काम फत्ते. आत्याला निकालसुद्धा द्यावा लागला नाही. मी पाकीट काढलं. पण आत्याचा हात नेहमीसारखा स्वस्तातल्यावर गेला नाही. ती पोरीकडे बघत बसली होती.

“पुन्यांदा सांग,” ती म्हणाली. “भागतंय?”

“हो गं, आत्याआजी.”

“माझ्याकडं बघून सांग.”

ऋजुता मान खाली घालून पेनड्राइव्ह काढायला लागली. आत्या उठली, सेल्समनला म्हणाली, “त्यो दुसरा बांध, बाळा.” मी पुटपुटलो, की अगं, तूच तर नेहमी ‘भागतंय’ म्हणतेस. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

रिक्षात ऋजुता खोकं मांडीवर घेऊन बसली होती. आत्या मध्ये. मी न राहवून विचारलं, की आज निकाल उलटा कसा?

“आमच्या कंपनीत क्वालिटीची खोली होती,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली. “बसून काम. मशीन शिकवणार व्हते. सायबानं इचारलं, इंदूबाई, जाता का? माझ्या मनात लई व्हतं. पर सगळ्या बाया बघत व्हत्या, मला लाज वाटली. म्हनलं, न्हाई साहेब, हितंच भागतंय की.” मग म्हणाली, “भागतंय म्हनलं की मान्सं दुसऱ्यांदा इचारत न्हाईत रं.”

माझ्या लहानपणापासून ती आमच्या घरात होती. सणाला साडी, जेवताना शेवटची पोळी, खिडकीजवळची जागा, सगळ्यालाच ती ‘भागतंय’ म्हणायची आणि आम्ही सगळे खूश व्हायचो. मीसुद्धा. तीन कोटेशनं मागवणारा मी तिचं पहिलंच कोटेशन मान्य करत आलो होतो.

त्यानंतर मी तिला दुसऱ्यांदा विचारू लागलो. सुरुवातीला ती वैतागायची, कान गेले का म्हणायची. मग एकदा दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, खिडकीजवळ बसते. शेवटची दोन-तीन वर्षं ती खिडकीजवळच बसली. गेली तीसुद्धा तिथंच, दुपारी, मांडीवर माझ्या नव्या चार्जरची वायर आणि अर्धवट गुंडाळलेली टेप ठेवून. ती वायर मी तशीच, अर्धी गुंडाळलेली वापरतो.

ऋजुता आता चाकणलाच एका कंपनीत डिझाइनला आहे. परवा सुट्टीच्या दिवशी ती जेवणाच्या टेबलाशी काम करत बसली होती. तोच लॅपटॉप, आता त्याच्या पंख्याचा आवाज गिरणीसारखा येतो. मी सहज विचारलं, नोकरी कशी चाललीय.

“भागतंय, बाबा.”

मी चहा ठेवला, दोन कप भरले, तिच्यासमोर बसलो आणि पुन्हा विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, “खरं सांगू?”