दोघे एकाच डब्यात

ओमानमधल्या निझव्याला आमच्या शेजारच्या काकूंकडे बिस्किटांच्या डब्यात जुनी पत्रं होती. इंग्रजांच्या काळात वकिली करणाऱ्या एकाने धाकट्या भावाला, म्हणजे काकूंच्या खापरपणजोबांना, लिहिलेली. दर शुक्रवारी त्या मला एक वाचून दाखवत. माझं मराठी वाचन अडखळतं, त्यामुळे मी फक्त ऐकायची. काकू मात्र मध्येच वकिलांवर डाफरायच्या, "अहो, किती उपदेश कराल त्या पोराला!"

धाकट्याची उत्तरं रुस्ताक गावी, वकिलांच्या वंशातल्या एका दादांकडे होती. पण जमिनीच्या वादामुळे दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

एकदा ते दादा अचानक आले. "झेरॉक्स काढून लगेच परत देतो," म्हणाले. ज्या डब्याला काकू मला हातही लावू देत नसत, तो त्यांनी अख्खा दादांच्या हातात ठेवला.

"झेरॉक्स कशाला? राहू देत दोघे एकाच डब्यात."

पुढच्या शुक्रवारी मी बिचकतच गेले. आता काकू काय वाचणार? बघते तर फोन स्पीकरवर होता. पलीकडून दादा धाकट्याचं उत्तर वाचत होते. ते थांबले, आणि काकूंनी डोळे मिटून वकिलांचं पुढचं पत्र म्हणायला सुरुवात केली. एका शब्दालाही त्या अडखळल्या नाहीत.