दावं घरी होतं

"तोंड भिंतीकडं करा, मग बोला."

कोंडवाड्यातून आपलं हरवलेलं जनावर न्यायला कुणी आलं, की मामा त्याला खांद्याला धरून वळवायचे. पाठमोऱ्या माणसानं जनावराच्या खुणा सांगायच्या. चुकला की रिकाम्या हातानं परत. एकदा सरपंचांनाही त्यांनी असंच उभं केलं, आणि सरपंचांना स्वतःच्या म्हशीचं कुठलं शिंग वाकडं ते सांगता येईना. असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. साहेबांना तो नको असतो आणि त्याच्यावाचून त्यांचं चालतही नाही.

औसा तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीत मी कारकून, मामा कोंडवाड्याचे रखवालदार. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि वर दुष्काळ. चारा नव्हता म्हणून लोक जनावरं रस्त्यावर सोडून द्यायचे. त्यात एक तांबडी गाय आली, नुसती हाडं. मुदत संपली तरी मालक आला नाही, लिलावात कुणी बोली लावली नाही. भीमनगरातल्या, खडी फोडायला जाणाऱ्या राहीबाई म्हणाल्या, "मी सांभाळते." पंचायतीचा ठराव घेऊन मामांनी गाय त्यांच्या हवाली केली. बाईंनी बाभळीच्या शेंगा वेचल्या, शेवटी झोपडीवरचं पाचटही तिला घातलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. गाय भरली, गाभण राहिली. आणि शेजारच्या गावचे एक बडे शेतकरी चार माणसं घेऊन आले. "गाय माझी हाय. भीमनगरात कशी गेली?"

मामांनी राहीबाईंना गाईसकट बोलावलं आणि शेतकऱ्यांना भिंतीकडं वळवलं. त्यांनी एकही खूण चुकवली नाही. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं, पोटाखाली पांढरा ठिपका, मागचा एक सड बंद. राहीबाईंनी गाईच्या मानेवर हात घट्ट केला. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"हिचं दावं कुठंय?" मामांनी विचारलं.

"घरी. खुंटीला."

"तुटलंय का?"

"तुटंल कशाला? चांगलं हाय."

आमच्याकडं जनावर विकलं तरी गळ्यातलं दावं देत नाहीत, गोठ्याची बरकत जाते म्हणून. सोडून देतानाही त्यांनी सवयीनं ते काढून ठेवलं होतं. पळालेलं जनावर तुटकं दावं गळ्यात घेऊन फिरतं.

"म्हंजी तुमीच सोडली."

शेतकरी वळले. आवाज फाटला होता. "डोळ्यांदेखत मरू द्यायची व्हती काय?"

"न्हाई," मामा हळूच म्हणाले. "सोडली ते बरंच केलं. पण आता ती हिची हाय."

जिल्ह्याची कचेरी आता लातूरला, जवळ आली होती, तशी तक्रारही लवकर पोचली. चौकशीला साहेब आले. दावं घरी असल्याचं आपण बोललोच नाही, असं शेतकऱ्यांनी सांगितलं. चार माणसांनी मान डोलावली. राहीबाईंचा शब्द कुणी धरला नाही.

"आणखी कोण होतं तिथं?" साहेबांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "ध्यानात न्हाई," म्हणाले. माझी नोकरी कच्ची होती, पंचायतीत शेतकऱ्यांची भावकी होती. मी फायलीत मान घालून बसलो. ती मान वर निघाली नाही, याची लाज आजही वाटते.

गाय शेतकऱ्यांकडं गेली. राहीबाई वेशीपर्यंत तिच्या मागून चालत गेल्या. मालक न शोधता गाय दिली, असा ठपका ठेवून मामांना कामावरून काढलं.

काही महिन्यांनी ते लातूरच्या स्टँडवर भेटले. लेकीकडं मुखेडला निघाले होते, कायमचे. गाडी लागली तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "मामा, मी त्या दिवशी ऐकलं होतं."

"ठाऊक हाय की," पायरीवर पाय ठेवत ते म्हणाले. "दारातच तर उभे व्हते तुमी."