टॉवेल-टोपी आणि दुसरा शिपाई

माझा थोरला भाऊ दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, आणि कारण होतं एक टॉवेल नि एक टोपी. हसू नका. आमच्याकडं याहून कमी कारणांवरून सोयरिकी मोडल्यात.

आम्ही लातूरला घर बांधलं, घरभरणी केली. अशा कार्यात आलेल्या पुरुष पाहुण्यांना माइकवरून नाव पुकारून टॉवेल-टोपी द्यायची आमच्याकडं रीत आहे. त्या टॉवेलानं कुणी अंग पुसत नाही, ती टोपी कुणी घालत नाही; दोन्ही पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात जातात. पण नाव पुकारलं गेलंच पाहिजे. माइक होता माझ्या चुलत सासऱ्यांकडं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. त्यांनी रेणापूरचे व्याही पुकारले, फरशीवाला पुकारला, मंडपवाल्याला तर दोनदा पुकारलं. नांदेडहून पहाटेच्या गाडीनं आलेला, डोक्याला तेल लावून पहिल्या रांगेत बसलेला माझा सख्खा भाऊ तेवढा पुकारला नाही. मी नंतर विचारलं तर म्हणतात, "अगं, तो तर घरचाच माणूस. घरच्याला कसला आहेर?" तोवर घरचा माणूस न जेवता बसस्टँडवर पोचला होता.

तेव्हापासून आमचा सगळा कारभार वहिनीमार्फत. मी राखी पाठवायची, वहिनीनं फोनवर कळवायचं, "बांधली म्हणतेत." पंचमीचं बोलावणं यायचं तेही वहिनीचंच. मग मी तरी कशाला जाईन? मीही गेले नाही. पण जीव तुटायचा माझा, खोटं कशाला सांगू. आमच्या घरात माफी मागायची पद्धतच नाही, फार तर "च्या ठेवू का?" असं विचारतात, आणि ते विचारायला माणूस समोर असावा लागतो.

तो समोर आला गेममुळं. माझी लेक पुण्याला नोकरी करते, पण तिचं गेमचं मशीन इथं आमच्या टीव्हीखालीच असतं. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "मम्मी, तुझ्या आणि मामाच्या त्या गेमचा नवीन भाग आलाय. टाकून ठेवलाय बघ."

'तो गेम' म्हणजे आमचं लहानपण. नांदेडच्या दोन खोल्यांत, कॅसेट खुपसून टीव्हीवर खेळायचो. दोन शिपाई, एक जंगल आणि समोरून येईल त्याला गोळी. गोष्ट विचाराल तर एवढीच. एक शिपाई दादा, दुसरा मी. कायदाही एकच: दोघांनी बरोबर पळायचं. एक मागं राहिला की पडदा पुढं सरकायचाच नाही, दुसरा तिथल्या तिथं उड्या मारत बसायचा. "ये की लवकर, मेलो की मी तुझ्यापायी!" दादा बोंबलायचा. शेवटच्या राक्षसापर्यंत आम्ही कितीदा तरी पोचलो, आणि दर वेळी त्याला लोडशेडिंगनं वाचवलं. तो मेल्यावर काय होतं हे आम्हा दोघांना आजतागायत माहीत नाही.

मी वहिनीला निरोप दिला, "दादाला सांगा, आपल्या गेमचा नवा भाग आलाय. पण राहू द्या, आता काय त्याला झेपायचं न्हाई." रविवारी दुपारी दादा दारात हजर.

आला, पण बोलेना. "या घरात पाणी मिळतं का?" असं त्यानं पंख्याला विचारलं. मी पाणी दिलं. चहाचं विचारलं तर टीव्हीला म्हणाला, "आधी गेम." मशीनवर धूळ बसू नये म्हणून लेकीनं कसलंसं फडकं टाकलं होतं. ते त्यानं काढलं, तोंडावरचा घाम पुसला, खांद्यावर टाकलं आणि मांडी घालून बसला.

मशीन चालू केलं तर अपडेट सुरू. जुनी कॅसेट एका फुंकरीत चालायची. याला आख्ख्या लातूरचं इंटरनेट पाहिजे होतं. दादा टक्के वाढताना बघत राहिला, मी दादाकडं बघत राहिले. केस पार पांढरे झाले होते त्याचे. अपडेट संपलं तर अटी मान्य करा. केल्या. मग खातं उघडा. उघडलं. मग जन्मतारीख सांगा, तुम्ही वयात आलात का? दादानं डोक्यावरून हात फिरवला. "दोन पोरींची लग्नं केली बाबा. आता तरी घे आत."

आत गेलो तर सिनेमा. आमचा शिपाई आता दाढी वाढवून डोंगरावर बसलेला, मेलेल्या बापाच्या आठवणीनं हळवा झालेला. बोलतोय, उसासा टाकतोय, पुन्हा बोलतोय. बटण दाबलं तरी थांबेना. "माइक घावलेल्या पाव्हण्यावानी बोलून राहिला," दादा म्हणाला. टोमणा कुणाला होता ते मला बरोबर कळलं.

शेवटी शिपाई उठला, तर गेम आम्हाला चालायला शिकवायला लागला. पुढं जायचं असेल तर हातातली खेळायची दांडी पुढं ढकला. वा! आम्ही इतकी वर्षं मागं ढकलत होतो. मग पहिला शत्रू आला. जुना शत्रू बिचारा एका गोळीत आडवा व्हायचा. याच्या अंगात आम्ही सगळी बंदूक रिकामी केली तरी हा मख्ख उभा. ते संपतं न संपतं तोच मधेच दुकान उघडलं: शिपायासाठी सोनेरी विजार, खरे पैसे भरून विकत घ्या. "जंगलात कोण बघणार हाय तुझी विजार, मुडद्या!" मी ओरडले, आणि दादा फिस्सकन हसला. जंगल मात्र झकास होतं हो, पानन् पान दिसत होतं. गेम ठेवायचा तेवढा बनवणारे विसरले होते.

तो हसला तशी मला हुरूप आला. मी लेकीची दुसरी दांडी काढली, त्याच्या शेजारी बसले आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. मी मूर्खासारख्या मोठ्यानं मराठीत वाचून दाखवल्या, "एका टीव्हीवर दोघांना खेळता येत न्हाई म्हणं. दुसऱ्यानं आपल्या घरी जावं, तिथून खेळावं."

दादाचं हसू गेलं. हातातली दांडी त्यानं हळूच खाली ठेवली. "बरं," तो टीव्हीला म्हणाला. "म्हंजे आम्ही उठावं." आणि पिशवी उचलून खरंच दाराकडं निघाला.

"बस खाली!" मी अशी किंचाळले की शेजारीण खिडकीत आली. "गेम बोलला तुला, मी बोलले का? दोन वर्षं मी इथं एकलीच उड्या मारून राहिले, अन् तू बसलास मागं फुगून! काकांनी घरचा समजून नाव घेतलं न्हाई तुझं, एवढंच झालं ना?"

दादा वळला. पंख्याकडं नाही, टीव्हीकडं नाही, माझ्याकडं बघितलं त्यानं.

"टॉवेलाचं कोण रडतंय? घरचा होतो तर मला माघारी न्यायला स्टँडवर कोण आलं? हिंगोलीची गाडी गेली, परभणीची गेली. नांदेडच्या दोन गाड्या सोडल्या मी, बसलो वाट बघत."

मला रडूच फुटलं. पंगत चालू होती, मी वाढत होते, हे काय उत्तर झालं? मी आत गेले आणि कपाट उघडलं. त्याची टोपी मी जपून ठेवली होती, ती सापडली. तिच्याखालचा टॉवेल काही सापडेना. साड्या उपसल्या, चादरी उपसल्या. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून नुसती टोपी नि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आले, तर अबोली रंगाचा, घडीच्या खुणा तशाच असलेला तो टॉवेल दादाच्या खांद्यावर होता. आल्यापासून घाम पुसत होता त्यानं.

मी गेमची दांडी उचलून तोंडापुढं धरली. "नांदेडहून आलेले, घरमालकिणीचे थोरले बंधू, यांनी पुढे यावे!" आवाज निम्म्यातच फाटला माझा.

दादानं मागं वळून बघितलं, जणू मांडव भरलाय. पिशवी खाली ठेवली. शर्ट खाली ओढला. खांद्यावरचा टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला, रीतसर मी त्याला द्यावा म्हणून. मी कुंकू लावलं, टोपी घातली, टॉवेल दिला, पाया पडले. टोपी कानावर घट्ट बसत होती. मागं टीव्हीवर शिपायाचं बापपुराण पुन्हा सुरू झालं होतं.

"बंद कर त्याला," दादा म्हणाला. "अन् ताट वाढ. त्या दिवशीचा उपाशी हाय मी."