ताजं कुटून द्या

जडीबुटीच्या दुकानातल्या मावशींची जीभ मिऱ्यासारखी तिखट. एक म्हातारे शिंपी रोज दुपारी झोपेचं औषध मागायचे, "पण ताजंच कुटून द्या." मावशी अश्वगंधा, जटामांसी कुटत बसायच्या आणि शिंपीबुवा आयुष्यभर बिघडलेल्या बाह्यांच्या गोष्टी सांगायचे. मावशींचे कान किटले. शेवटी त्यांनी तयार चूर्णाचा डबाच त्यांच्या हातात कोंबला. "महिनाभर पुरेल. आता रोज खेपा नकोत."

शिंपीबुवा पुन्हा फिरकलेच नाहीत. मावशींचं मन त्यांना खायला लागलं.

एके दिवशी शिंपीबुवांची सून न उघडलेला डबा परत घेऊन आली. "बाबांना कशाला हे? ते तर पडल्यापडल्या घोरतात."

मावशींचा बत्ता हातातच राहिला. "मग हल्ली दुपारचे कुठे जातात?"

"कुठेच नाही. खिडकीशी बसून असतात."